लिनक्सची डीव्हीडी मध्येच अडते तेव्हा

शाळेच्या संगणक खोलीत किंवा दुकानाच्या कोपऱ्यात कोअर टू ड्युओच्या काळातले पीसी अजून धूळ खात पडलेले असतात. त्यांतल्या काहींचं बायोस (मशीन चालू होताच पहिल्यांदा धावणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवरून बूट होतच नाही, म्हणून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला डीव्हीडी लागते. ती मध्येच अडली की निकाल ठरलेला: ‘या मशीनला लिनक्स चालत नाही.’ बहुतेक वेळा दोष लिनक्सचा नसतो, वाचणाऱ्या ड्राइव्हचा नाहीतर लिहिलेल्या डिस्कचा असतो.

लोगोवर स्क्रीन थिजली तर एस्केप दाबा, मागचे मेसेज दिसतील. ‘बफर आय/ओ एरर’ (डिस्कवरून वाचताना आलेली चूक) आली असेल तर तिच्या पुढचं नाव वाचा. ‘एसआर०’ (sr0) म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह, ‘एसडीए’ (sda) म्हणजे बहुधा हार्ड डिस्क. हे न बघता हार्ड डिस्क बदलायला निघणारे काही कमी नाहीत. ‘स्क्वॅशएफएस एरर’ दिसली तर डिस्कवरची दाबून लहान केलेली (कॉम्प्रेस्ड) फाइल नीट वाचली जात नाहीये. आधी डिस्क तपासा, मग रॅम.

डिस्क विंडोजमध्ये उघडून बघा. आत एकच आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, म्हणजे इमेज) दिसली, तर ती नुसती कॉपी झाली आहे, इमेज म्हणून बर्न झालेली नाही. अशी डिस्क कधीच बूट होणार नाही. बर्न करण्याआधी डाउनलोडचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायची खूण) साइटवरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजमधल्या सर्टयुटिल (certutil) या कमांडने तो निघतो. वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा आणि ‘व्हेरिफाय’वर टिक करा. रीरायटेबल डिस्क टाळलेली बरी. तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि थकलेल्या लेन्सला ती वाचता येत नाही.

मापाचाही घोळ होतो. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं. उबुंटू, मिंट, डेबियन हे लिनक्सचेच प्रकार. उबुंटू २४.०४ डेस्कटॉपची इमेज त्याहून मोठी आहे, मिंट २२ आरामात बसते. ड्राइव्ह फक्त सीडी वाचणारा असेल तर डेबियन १२ची नेटइन्स्ट इमेज (बाकीचं इंटरनेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर) ७०० एमबीच्या सीडीवर मावते. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तरीही डेबियन १२च घ्या, कारण डेबियन १३मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कोरी डिस्क गाडीत किंवा खिडकीशी उन्हात पडू देऊ नका, तिच्यातला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. फाइल कॉपी होताना मशीन आपोआप बंद पडत असेल तर प्रोसेसरचा पंखा उघडून बघा. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत हीटसिंकमध्ये धुळीबरोबर कापसाची तूसही अडकते. ती ब्रशने काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. कॉपी चालू असताना लाइट गेली तर फार बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. पण विंडोजचं पार्टिशन लहान करताना लाइट गेली तर त्यातला डेटा जाऊ शकतो. तेवढ्या वेळापुरता तरी यूपीएस हवाच, आणि बॅकअप त्याच्याही आधी.

मेनूनंतर स्क्रीन काळीच राहत असेल तर तो ग्राफिक्सचा प्रश्न. मिंटच्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. तो नसेल तर बूटच्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहा. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनूत ई दाबल्यावर ती ओळ उघडते, जुन्या बायोस मेनूत टॅबने. ड्रायव्हर बसला की तो शब्द काढून टाका.

इन्स्टॉलरला हार्ड डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत) रेडवर (RAID) आहे का बघा, तो एएचसीआयवर (AHCI) न्या. त्याच डिस्कवर विंडोज ठेवायची असेल तर मात्र थांबा. तयारी न करता मोड बदलला तर विंडोज चालू होणार नाही.

‘ग्रब’ शेवटच्या टप्प्यात नापास होतो, त्यामागे बहुधा बूट मोडची गल्लत असते. विंडोज यूईएफआयमध्ये (बायोसची नवी पिढी) असेल तर बूट मेनूतूनही डीव्हीडीची ‘यूईएफआय’ लिहिलेलीच नोंद निवडा. बायोस मोडमध्ये जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) डिस्क वापरायची असेल तर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन आधी करून ठेवा.

नेटइन्स्ट पॅकेज उतरवताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं म्हणत असेल तर तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीमॉस सेल (घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा) संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि बऱ्याचदा साटा मोड, बूटचा क्रमही मूळ जागी परततो. सीआर २०३२ सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो टाकून तारीख आणि सेटिंग पुन्हा लावा.