तपकिरी बांबू

सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात निळ्या नक्षीची भांडी मी भरभर पाहते आणि रेंगाळते ती एका पांढऱ्या पोर्सेलीनच्या रांजणापाशी. जोसोन या कोरियाच्या जुन्या राजघराण्याच्या काळातला. एका अंगाला बांबू, दुसऱ्या अंगाला प्लमची फांदी, दोन्ही लोहाच्या तपकिरी रंगात. निळ्या नक्षीचा कोबाल्ट हा रंग चीनमार्गे यायचा, महाग पडायचा. 17व्या शतकात, जपानी आणि मांचू स्वाऱ्यांनंतर, लोहाचाच रंग जास्त चालला. मला तर तोच भावतो.

प्लम, ऑर्किड, शेवंती, बांबू हे विद्वानांचे ‘चार सज्जन’. थंडीतच फुलणारा प्लम धीराचा, बांबू ताठ कण्याचा. ऑर्किड मात्र मला भांड्यावर जरा मिळमिळीतच वाटतं! सोलजवळच्या क्वांगजूच्या सरकारी भट्ट्यांवर दरबारी चित्रकार रंगवायला जात. बांबूचं पान एका फटकाऱ्यात काढायचं. कोरडी माती रंग लगेच पिते, गिरवायला सवडच नाही.