घोटा टिकला, मांड्या गेल्या : अर्धवट तयारीवर ५० किलोमीटर

डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतीला अकरा आठवडे उरले असताना माझा पाय मुरगळला, तोही घरातल्या जिन्यावर. हातात कपड्यांची बादली होती, पायऱ्या संपल्या असं वाटलं, आणि एक शिल्लक होती. डावं पाऊल आत दुमडलं, काहीतरी 'कट्' वाजलं, आणि अर्ध्या तासात घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज आली. डोंगरातल्या पायवाटा वर्षानुवर्षं धावणाऱ्या बाईनं हे लोकांना कोणत्या तोंडानं सांगायचं? मी चक्क 'ट्रेलवर पडले' असं सांगत होते.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. पाच आठवडे धावणं बंद. त्या काळात एका पायावर उभं राहणं (आधी डोळे उघडे, मग मिटून), टाचा उचलणं आणि घरची सायकल, एवढंच. सहाव्या आठवड्यात चालत-धावत सुरुवात केली. शर्यतीआधीची सगळ्यात लांब धाव २१ किलोमीटरची झाली, ७०० मीटर चढाची. शर्यत होती ५० किलोमीटरची, १८०० मीटर चढ आणि तेवढाच उतार, ११ तासांचा कटऑफ, म्हणजे तेवढ्या वेळात पोचलं नाही तर बाद.

आता हिशोब. डोंगरात चालण्याचा १८९२ सालचा, नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा एक ठोकताळा आहे. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यानुसार माझे ५० किलोमीटर म्हणजे दहा तास अधिक तीन, एकूण १३. म्हणजे 'चालत पूर्ण करू' हा पर्यायच नव्हता. कुठेतरी दोन तास कमवावे लागणार होते, आणि ते चढावर कमावता येत नाहीत. सपाटीवर आणि उतारावरच मिळतात. नोंदणी रद्द करायची की नाही हे ठरवण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन एवढं तरी करा. मी केलं, आकडा बघितला, आणि तरीही गेले. हट्ट, दुसरं काय.

जाताना तीन नियम मात्र घरीच लिहून घेतले, कारण तीसाव्या किलोमीटरला माणूस स्वतःशीच खोटं बोलतो. एक, दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण लंगडायला लागले की थांबायचं. लंगडणं दुसऱ्याला दिसतं, त्यात मनाची पळवाट नाही. दोन, प्रत्येक चेकपॉइंटला दुखऱ्या पायावर दहा वेळा टाच उचलायची आणि एक उडी मारायची. जमलं नाही तर छातीवरचा नंबर काढून स्वयंसेवकाच्या हातात द्यायचा, म्हणजे शर्यत सोडायची. तीन, वेदनाशामक गोळी नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणं झाकतात, म्हणजे जो निरोप मला हवा तोच बंद होतो. शिवाय अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. २७व्या किलोमीटरला एका भल्या माणसानं खरंच गोळी पुढे केली. "घ्या ताई, मीपण घेतलीये." त्यांना नको म्हणाले, आणि पुढचा तासभर त्या गोळीचाच विचार करत होते.

सुरुवात पहाटे साडेपाचला, हेडलॅम्पच्या उजेडात. घोट्यासाठी अंधाराची वाट सगळ्यात वाईट, कारण डोक्यावरचा दिवा समोरून पडतो आणि दगड सपाट दिसतात. कमरेला दुसरा छोटा दिवा बांधला तर सावल्या पडतात आणि खड्डे कळतात. पहिल्या तासात मी मुद्दाम मागे राहिले. अरुंद वाटेवर मागून कुणी ढकलत असेल तर पाऊल बघून टाकता येत नाही.

१४ किलोमीटरच्या चेकपॉइंटला २ तास ५५ मिनिटांत पोचले. टाच दहा वेळा उचलली, उडी मारली. स्वयंसेवक मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. घोटा ठणठणीत. तिथून चढ, मग १९व्या किलोमीटरपासून लांबलचक उतार, सहाशे मीटरचा, सुट्या मुरमाचा आणि मध्ये मध्ये मुळ्यांचा.

माझी खरी चूक तिथे बाहेर आली. सरावात मी घोट्याला इतकी जपत होते की उतार पूर्णपणे टाळला होता. ट्रेडमिलवर चढ, सायकलवर चढ, टेकडीवर चढून खाली येताना गाडीच्या रस्त्यानं हळूहळू चालत. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आकसण्याचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो, आणि स्नायूचे बारीक तंतू फाटतात ते अशाच ताणात. त्याची सवय लावता येते. नीट उतरण्याचा एक सराव झाला की पुढचे काही आठवडे स्नायू तोच मार बराच सहन करतो. माझ्या मांड्यांना तो एकही सराव मिळाला नव्हता. त्यात मी घोट्याच्या भीतीनं प्रत्येक पावलाला ब्रेक लावत उतरत होते, म्हणजे सगळा भार पुन्हा मांड्यांवरच. २४व्या किलोमीटरला थांबून बाटलीत पाणी भरलं आणि पुन्हा निघताना गुडघा आपोआप दुमडला. वरून एक काका आले, काठ्या टेकत, नागमोडी. "सरळ उतरू नका, तिरपं तिरपं या. आणि पावलं लहान." लहान पावलांनी खरंच फरक पडला, पण जे जायचं ते गेलं होतं.

तेव्हा दुखापतीनंतर हाताशी पाच-सहा आठवडेच असतील आणि फिजिओची परवानगी असेल, तर मी त्यातला वेळ लांब अंतरापेक्षा उतारावर घालवेन. आठ-दहा दिवसांतून एकदा, आधी मऊ आणि रुंद वाटेवर, शेवटचा सराव शर्यतीच्या साधारण दोन आठवडे आधी. घोटा चालतोय की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पावलाला कळतं. ते पाऊल आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं.

२७ किलोमीटरला ५ तास ३८ मिनिटं. इथला कटऑफ सहा तासांचा. बावीस मिनिटं हातात, म्हणून निवांत खुर्चीत बसले. तेवढ्यात कळलं की इथला कटऑफ पोचण्याचा नाही, निघण्याचा आहे. नियमपत्रकात लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. काही शर्यतींत असं असतं, काहींत तसं. आधी विचारून घ्या.

घोट्याला आधाराला लावलेली टेप घामानं आणि ओढ्याच्या पाण्यानं कडेनं सुटली होती. तासन्‌तास पट्टीच्या भरवशावर राहू नका, ती सैल होतेच. ड्रॉप बॅगमध्ये (आधीच चेकपॉइंटला पाठवून ठेवलेली आपली पिशवी) लेस बांधायचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याला धरून ठेवणारा पट्टा, ठेवला होता, ते माझं त्या दिवसातलं सगळ्यात शहाणं काम. पण ब्रेस ओल्या मोज्यावर चढेना, मोजा बदलला, मग बूट घट्ट व्हायला लागला, लेस पूर्ण काढून पुन्हा ओवली. नऊ मिनिटं गेली. ब्रेस घालून बूट बसतो का हे घरी, कोरड्या पायानं नव्हे, दोन तास धावून सुजलेल्या पायानं बघायला हवं होतं.

खाण्यापिण्याचं मात्र छान जमलं, आणि त्याचं श्रेय दुखापतीलाच. धावता येत नव्हतं तेव्हा सायकलवर बसून खाण्याचा सराव केला. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटाला सवयीची करून घेतली. एनर्जी जेलच्या (धावताना चोखायचा गोड, घट्ट पाक) पाकिटात साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे अडीच-तीन पाकिटं, किंवा दोन पाकिटं आणि केळं. घड्याळ दर अर्ध्या तासाला वाजायचं, भूक असो वा नसो, खायचं. पाण्याचं उलट, तहान लागेल तेवढंच. भीतीपोटी लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं.

२७ ते ३८ बद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. ऊन, चढ, काठ्या, आकडेमोड. (काठ्या न्यायच्या असतील तर परवानगी आहे का बघा, आणि त्या घडी करून सॅकला लावण्याचा सराव करा. मी प्रत्येक वेळी थांबत होते.) दोन तीव्र उतार मी चक्क उलटं तोंड करून, काठ्या टेकत उतरले. मागून येणाऱ्यांना माझा चेहरा दिसत होता. एकजण म्हणाला, "चुकलात का?"

३८ला ८ तास १२ मिनिटं, कटऑफ साडेआठ तासांचा. उडी मारली. घोटा ठीक, पण उतरताना मांड्यांनी झेललं नाही आणि मी टेबलाला धरलं. माझा नियम घोट्यासाठी होता. मांड्यांसाठी काही लिहिलेलंच नव्हतं! लंगडत होते का? दोन्ही पाय सारखेच निकामी असतील तर त्याला लंगडणं म्हणतात का? स्वयंसेवक ताईंना विचारलं, "पुढं किती उतार आहे?" त्या म्हणाल्या, "एक छोटा, मग पाच किलोमीटर सपाट." त्या उत्तरावर निघाले. ते उत्तर 'अजून चारशे मीटर उतार' असं असतं तर नंबर काढून दिला असता, आणि ते बरोबरच झालं असतं.

१० तास ४७ मिनिटं. कटऑफला तेरा मिनिटं बाकी.

नंतरचे तीन दिवस जिना उलटा उतरले, कठडा धरून. एवढ्या स्नायूतुटीनंतर लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला तर वाट न बघता डॉक्टरकडे जायचं. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून दोन दिवस तो बघतच होते. सुदैवानं काही झालं नाही. सहाव्या दिवशी फिजिओकडे गेले. त्यांनी घोटा चारी बाजूंना फिरवला, एका पायावर उभं केलं, म्हणाल्या, "छान आहे." मग सहज मांडीवर अंगठा दाबला आणि मी टेबलवरून उठून बसले.

"हे कधीपासून?"

"एकोणिसाव्या किलोमीटरपासून," मी म्हणाले.