पावसात भिजणारा जादूगार

जादूच्या गोष्टींमधली जादू ही बरेचदा वाचकाला दिलेली लाच असते. कथानक अडले की कोणीतरी मंत्र पुटपुटतो, नायक कोंडीत सापडला की त्याच्या बोटातली अंगठी चमकते, आणि नायकाबरोबर लेखकाचीही सुटका होते. ‘चांदोबा’च्या पानांवर अशी जादू मी मनसोक्त वाचली आहे आणि तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘अर्थसी’ ही कुमारवयीन वाचकांसाठी सुरू झालेली मालिका मात्र मला तिच्या जातकुळीतल्या इतर मालिकांहून मोठी वाटते, ती नेमक्या उलट कारणासाठी. तिच्यातली सर्वांत चांगली जादू ही हाताशी असूनही न केलेली जादू आहे.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या पहिल्या कादंबरीच्या आरंभीच याची चुणूक मिळते. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा गेड हा तेरा वर्षांचा, आईवेगळा, तापट मुलगा ओगियन या थोर जादूगाराचा शिष्य होऊन त्याच्या मागोमाग रानवाटेने निघतो. आता पशुपक्ष्यांची भाषा कळेल, वारा मुठीत येईल, अशी त्याची अपेक्षा असते. गुरू मात्र दिवसचे दिवस बोलतच नाही. न राहवून मुलगा विचारतो की माझे शिक्षण सुरू कधी होणार, तर उत्तर येते की ते केव्हाच सुरू झाले आहे. वाटेवरच्या एका रानरोपट्याचा उपयोग काय, असे तो विचारतो, तेव्हा गुरू सांगतो की उपयोग मला ठाऊक नाही, पण त्याचे मूळ, पान, फूल, वास आणि बी सगळ्या ऋतूंत ओळखता आले पाहिजे. उपयोगाचेच म्हणशील तर तुझा तरी उपयोग काय आणि माझा तरी काय? मग पाऊस येतो. एखादा फुटकळ हवामान-मांत्रिकसुद्धा असा पाऊस शेजारच्या दरीत पिटाळून मोकळा झाला असता, पण ओगियन एका झाडाखाली निवांत आडवा होतो आणि पावसाला पडू देतो. ठिबकत्या झुडपांत अंग चोरून बसलेला गेड मनाशी कुरकुरतो की शक्ती वापरायची नाही इतके शहाणपण येणार असेल, तर ती शक्ती मिळवायची तरी कशाला?

माझ्या मते ही कुरकुर म्हणजेच संपूर्ण मालिका आहे. लेखिकेने हा प्रश्न १९६८ साली एका चिडक्या मुलाच्या तोंडी घातला आणि २००१ सालापर्यंत, पाच कादंबऱ्या आणि एका कथासंग्रहातून, त्या त्याच्याशी झटत राहिल्या.

पहिल्या पुस्तकाचा जन्मही अशाच एका साध्या प्रश्नातून झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने ले ग्विन यांच्याकडे थोड्या मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितले. तोवर कथांमधला जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचा वृद्ध, हे ठरून गेलेले होते. हे वृद्ध कधीतरी मुलगे असतील ना, मग ते ही विद्या शिकले कुठे, असा विचार करता करता रोक बेटावरची जादूची शाळा उभी राहिली. पुढे अशा शाळांचे पेवच फुटले आणि त्यांत खेळ, वसतिगृहे, सुट्ट्या, मेजवान्या असे सारे काही आले. रोकवरच्या शाळेत मुख्यतः काय करू नये हे शिकवतात. इथे पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो, असे तिथले एक गुरू बजावतात. गेडला ते कळते, पण वळत नाही. शाळेतल्या एका तोऱ्यातल्या मुलाला खिजवण्यासाठी तो मृतात्म्याला हाक मारतो, आणि त्या फटीतून जी काळी छाया जगात शिरते ती उरलेल्या पुस्तकभर त्याचा पाठलाग करते. त्या पाठलागाचा शेवट सांगून नव्या वाचकाचा विरस करत नाही. त्या अंतिम लढतीत कोणी कोणाला मारत नाही, एवढेच सांगते. पुढच्या पुस्तकांबाबत मात्र हा संयम मला पाळता येणार नाही.

याच पुस्तकात गेडच्या जिवलग मित्राच्या घरचा एक छोटा प्रसंग आहे, आणि मला तो त्यातल्या ड्रॅगनच्या प्रसंगाहून अधिक मोलाचा वाटतो. मित्राची धाकटी बहीण विचारते की तुम्ही जादूगार ना, मग मंत्राने जेवण का उत्पन्न करत नाही? तिला उत्तर मिळते की करता येते, वास येईल, चव लागेल, पोटही भरल्यासारखे वाटेल, पण ते अन्न शेवटी शब्दच राहील आणि भुकेल्याच्या अंगी त्याने बळ येणार नाही. ज्या लेखिकेचे सगळे भांडवल शब्द हेच आहे, तिने हे लिहावे यात मला मोठे धैर्य दिसते.

जाता जाता आणखी एक गोष्ट. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, त्याचा हा मित्र काळासावळा आहे आणि गोरे लोक आहेत ते पूर्वेकडच्या बेटांवरून चाल करून येणारे लुटारू. लेखिकेने हे ठरवून केले होते आणि गाजावाजा न करता, ओघात सांगितले होते. २००४ साली अमेरिकेत आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत गेड गोरा झाला, तेव्हा त्यांनी जाहीरपणे आणि कडक शब्दांत निषेध नोंदवला. तो निषेध मला पूर्णपणे पटतो.

शक्ती असून ती न वापरण्याचे हे आकर्षण ले ग्विन यांना कुठून आले, याचा माग ताओवादाच्या, म्हणजे निसर्गक्रमात ढवळाढवळ न करण्याचा आग्रह धरणाऱ्या प्राचीन चिनी विचारधारेच्या, त्यांच्या ओढीत सापडतो. लाओ त्सूच्या ‘ताओ ते चिंग’चे आपल्या शब्दांतले इंग्रजी रूप त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. मराठी वाचकाला मात्र त्यासाठी चीनपर्यंत जाण्याची गरज नाही. सिद्धींच्या बळावर चौदाशे वर्षे जगलेला चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतो, मायना काय लिहावा ते सुचेना म्हणून कोरा कागद धाडतो, आणि मुक्ताबाई म्हणते की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. ओगियनला मुक्ताबाईचे हे बोलणे फार आवडले असते. त्याच गोष्टीत ज्ञानदेव स्वतः भिंत चालवतात हे खरे, पण तीही वाघावर बसून आलेल्या पाहुण्याचा गर्व उतरवण्यापुरतीच.

१९७१ सालचे ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ हे रचनेच्या दृष्टीने मालिकेतले सर्वांत घट्ट विणलेले पुस्तक आहे. लहानपणीच घरातून उचलून आणलेली आणि अनाम काळोख्या शक्तींची पुजारीण बनवलेली टेनार हे त्याचे केंद्र. तिच्या भुयारी चक्रव्यूहात शिरलेल्या गेडची सगळी विद्या त्या शक्तींना थोपवून धरण्यातच खर्च होते. तहानेने कासावीस झालेल्या त्या महान जादूगाराला त्या मुलीने दिलेले पाणी लागते. त्यानंतरचे ‘द फार्देस्ट शोअर’ मला संथ वाटते, त्यातल्या तरुण राजपुत्राची गेडवरची भक्तीही जरा अती होते. तथापि मरण टाळू पाहणाऱ्या एका मांत्रिकाने जगाला पाडलेले छिद्र बुजवताना गेड आपली सगळी शक्ती कायमची खर्चून टाकतो, हा शेवट त्या संथपणाची पुरेपूर भरपाई करतो. १९७२ साली हे पुस्तक आले आणि मालिका संपली असे सर्वांनी धरून चालले.

मग तब्बल अठरा वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानू’ आले. पहिल्या तीन पुस्तकांचे अनेक चाहते या पुस्तकावर नाराज असतात, आणि मी त्यांच्याशी अजिबात सहमत नाही. टेनार आता एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आहे. स्वतःच्याच माणसांनी आगीत ढकललेली एक मुलगी तिने सांभाळली आहे. तिचा अर्धा चेहरा आणि एक हात जळून गेलेला आहे आणि कोणत्याही मंत्राने तो पूर्ववत होत नाही. ड्रॅगनच्या पाठीवरून गेड घरी परततो तो शक्तीविना, लाजेने चूर झालेला, राजाची माणसे शोधत आली तर लपून बसणारा. तो डोंगरावर शेळ्या राखायला जातो. एका रात्री त्या मुलीसाठी गुंड टेनारच्या घरावर चालून येतात, तेव्हा एके काळी ड्रॅगनला नमवणारा हा माणूस गवत उचलण्याचा दाताळा हातात घेऊन त्यांना सामोरा जातो. पावसात बसून कुरकुरणाऱ्या मुलाच्या प्रश्नाला लेखिकेने दिलेले हे पहिले खरे उत्तर आहे, कारण शक्ती न वापरणे हा ओगियनचा निर्णय होता, तर गेडपुढे आता तो पर्यायच नाही, आणि तरीही त्याला माणूस म्हणून उभे राहायचे आहे.

या पुस्तकात लेखिका आपल्याच जुन्या जगाचा हिशेब मागतात. स्त्रियांची जादू दुबळी आणि दुष्ट असते अशा म्हणी पहिल्या पुस्तकात सहज येऊन गेल्या होत्या, रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता, आणि हे त्या जगात कोणालाच खटकत नव्हते. ‘तेहानू’मध्ये ले ग्विन यांनी जुनी पाने खोडली नाहीत, तेच जग स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायला लावले. टेनारचा समुद्रावरून परतलेला तरुण मुलगा जेवल्यावर आपले ताट उचलत नाही, एवढ्यावरून त्या सबंध व्यवस्थेचे जे दर्शन घडते, ते पानेच्या पाने वाद घालूनही घडले नसते. माझी तक्रार शेवटच्या प्रकरणाविषयी आहे. पुस्तकभर मंत्राला निर्धाराने नकार दिल्यावर शेवटी आकाशातून एक ड्रॅगन उतरतो आणि दुष्टांना एका फुंकरीत जाळून टाकतो. ज्या लाचेपासून ही लेखिका इतकी वर्षे दूर राहिली, ती इथे तिने दिलीच, आणि तीही अशा खलनायकांच्या निवारणासाठी, ज्यांना मत्सरापलीकडे स्वभावच दिलेला नाही.

‘दि अदर विंड’ या २००१ सालच्या कादंबरीत हा विचार मुळापर्यंत जातो. मृतांचा जो शुष्क, वारा नसलेला प्रदेश पहिल्या पुस्तकापासून निसर्गनियम म्हणून आपण मान्य केलेला असतो, तो प्राचीन जादूगारांनी अमरत्वाच्या हव्यासाने ड्रॅगनांच्या भूमीतून चोरलेला तुकडा होता, असे इथे उघड होते. त्यामुळे गेडने कोवळ्या वयात केलेली आगळीक आणि तिसऱ्या पुस्तकातल्या मांत्रिकाचा अपराध, दोन्ही जुन्या, मोठ्या अपराधाच्या फांद्या ठरतात. एवढी मोठी कल्पना, पण ती राजवाड्यातल्या लांबलचक खलबतांतून पुढे सरकते, आणि पात्रांची गर्दी इतकी होते की मृतांच्या प्रदेशाच्या सीमेवरची दगडी भिंत पाडण्याचा तो विलक्षण प्रसंग काही पानांतच उरकतो. सत्तरीच्या घरातला गेड पहिल्या प्रकरणात शिडीवर चढून आलुबुखार तोडत असतो, दुःस्वप्नांनी पिडलेल्या पाहुण्याला जवळ मांजर घेऊन झोपण्याचा सल्ला देतो, त्याला राजधानीकडे धाडतो आणि स्वतः घर सांभाळायला मागे राहतो. राजवाड्यातली निम्मी चर्चा गाळून लेखिकेने त्या बागेत आणखी एखादे प्रकरण घालवले असते, तर माझ्या लेखी ते या मालिकेतले सर्वोत्तम पुस्तक ठरले असते.