जर्सी सिटी ते पुणे, बाळाला घेऊन कायमचं परत: खोके जहाजाने पाठवण्याआधी हे वाचा

निष्कर्ष आधी सांगून टाकतो. सामान दीड घनमीटरच्या आत असेल तर ते जहाजाने पाठवू नका. विका, देऊन टाका, नाहीतर विमानात जादा बॅगा घ्या. तान्ह्या बाळाला घेऊन परतायचं म्हटलं की सगळे विमानप्रवासाची आणि जेटलॅगची धास्ती घालतात. खरा मनस्ताप न्हावा-शेवाच्या गोदामात होतो, आणि त्याबद्दल निघण्याआधी कोणी अवाक्षर काढत नाही.

एजंट ‘डोअर टू डोअर’ म्हणतो तेव्हा त्यात काय धरलेलं नाही ते विचारायचं. आम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये घरून खोके उचलणं आणि जहाजभाडं एवढंच होतं. बंदरावरचा टर्मिनल हँडलिंग चार्ज, सामायिक कंटेनर उघडून माल वेगळा करण्याचा आकार, डिलिव्हरी ऑर्डरची (माल सोडण्याच्या पत्राची) फी, सीएफएस म्हणजे कंटेनर गोदामाचा आकार, कस्टम्स ब्रोकरची फी, तपासणीला खोके उघडून परत बांधायची मजुरी आणि मोफत दिवस संपले की रोजचं भाडं, हे सगळं शेवटच्या एका ओळीत बसवलेलं होतं: ‘डेस्टिनेशन चार्जेस ॲज ॲक्च्युअल’, म्हणजे पोचल्यावर प्रत्यक्षात होईल तो खर्च. ही ओळ दिसली की सही करू नका. बिल हातात पडतं तोवर माल त्यांच्या ताब्यात असतो आणि रोजचं भाडं चढत असतं, त्यामुळे घासाघीस करायला जागाच उरत नाही. आमचा मुंबईकडचा खर्च जहाजभाड्याच्या वर गेला. ही सरळसरळ फसवणूक आहे असंच माझं मत आहे.

दुसरी गोम मापात आहे. १८×१८×२४ इंचांचे आठ खोके म्हणजे ३६ घनफूट, साधारण १.०२ घनमीटर. घरी टेप लावून आपण एवढंच मोजतो. मग तेच खोके ४८×४० इंचांच्या पॅलेटवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर, चढतात. एका थरात चार, असे दोन थर. उंची ३६ इंच, वर पॅलेटच्या लाकडाचे सहा. आकारणी बाहेरच्या मापावर होते: ४८×४०×४२, म्हणजे जवळपास ४६.७ घनफूट, १.३२ घनमीटर. खोका एकही वाढला नाही आणि माप तीस टक्क्यांनी वाढलं. त्यातून काही एजंट पुढच्या पूर्ण आकड्याला धरतात, म्हणजे थेट दोन. म्हणून तीन गोष्टी लेखी घ्या: माप पॅलेटसकट की पॅलेटशिवाय, पूर्णांक करणार का, आणि मुंबईकडच्या प्रत्येक आकाराचा दर घनमीटरमागे किती.

तरीही पाठवायचंच असेल तर बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं, मधलं नाव धरून. फोन नंबर भारतातला द्या, नाहीतर माल आल्याची नोटीस बंद पडलेल्या अमेरिकन नंबरवर जाते आणि मोफत दिवस तिथेच संपतात. यादी खोक्यागणिक करा, प्रत्येक वस्तूपुढे ‘वापरलेली’ आणि अंदाजे किंमत. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची, म्हणजे कायमचं परतणाऱ्याच्या सामानावरची, कस्टम्स सवलत परदेशातल्या वास्तव्याच्या काळावर ठरते. २०१६ च्या बॅगेज रूल्सप्रमाणे मागून येणारं सामान प्रवासी उतरल्यापासून महिन्याभरात रवाना व्हायला हवं होतं. चालू नियम सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या कस्टम्स मंडळाच्या, साइटवर बघून घ्या. सोडवणुकीला मूळ पासपोर्ट लागतो, तो त्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नका.

आणि बाळ वाढतं, हे सामान भरताना कोणाच्या लक्षात येत नाही. खोके दारात यायला दोन-तीन महिने सहज जातात. सहा महिन्यांच्या मापाची झबली पोचतात तेव्हा बाळ नऊ महिन्यांचं झालेलं असतं. जहाजाने पाठवायचं ते पुढच्या वर्षाचं: मोठ्या मापाचे कपडे, पुस्तकं, लाकडी खेळणी. पावसाळ्यात पोचणार असेल तर खोक्याला आतून जाड प्लास्टिक लावा. नाहीतर पुस्तकांना बुरशी येते.

विजेची उपकरणं अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचून निवडा. ‘इनपुट १००-२४०’ असेल तर ब्रेस्ट पंप इथे नुसत्या पिनेवर चालतो. बाटली गरम करायचं यंत्र आणि स्टरिलायझर बहुधा फक्त १२० व्होल्टचे असतात. २३० वर लावले की जळतात. ते तिकडेच देऊन टाका.

कार सीट मात्र नक्की आणा, पण पट्टा नीट बघून. अमेरिकन गाड्यांचा मागचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की कुलपासारखा अडकतो. इथल्या बहुतेक गाड्यांत तो फक्त झटका बसल्यावर अडकतो, त्यामुळे सीट डुलत राहते. बेसवर स्वतःचा लॉक-ऑफ, म्हणजे पट्टा घट्ट धरणारा चाप, असलेली सीट घ्या, किंवा गाडीला आयसोफिक्सचे (बाळाची सीट अडकवायचे) हूक असतील तर बेस त्यांना अडकवा.

अमेरिकेत जन्मलेल्या बाळाची कागदपत्रं आईबापांच्या आधी हातात घ्या. पाऊलठशांचा हॉस्पिटलचा सुंदर कागद कुठेही चालत नाही. सरकारी जन्मदाखल्याच्या तीन प्रती काढा, एकीवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, घ्या. बाळाच्या अमेरिकन पासपोर्टच्या डीएस-११ अर्जाला दोघांनी समक्ष जावं लागतं. एक जण आधीच भारतात गेला असेल तर त्याचा नोटरी केलेला डीएस-३०५३, म्हणजे संमतीचा फॉर्म, लागतो. अमेरिकन पासपोर्ट आल्याशिवाय ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्डाचा) अर्ज होत नाही, म्हणून दोन्ही मिळून चार महिने धरा. ‘टूरिस्ट व्हिसावर आणा, ओसीआय पुण्यात काढू’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, टूरिस्ट व्हिसावर भारतात ओसीआयचा अर्ज घेत नाहीत. वेळ नसेल तर एन्ट्री व्हिसा काढा.

लसींची छापील नोंद घ्या, डॉक्टरांच्या पोर्टलचा लॉगिन पुढे बंद होतो. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत, ती आणि टायफॉइडची लस इथल्या बालरोगतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत विचारा. परदेश प्रवासाआधी सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एमएमआरचा एक लवकरचा डोस देतात, तो निघायच्या दोन आठवडे आधी घ्या.

ब्रिजवॉटरच्या बालाजीचं दर्शन, ओक ट्री रोडची शेवटची खरेदी, मित्रांकडची जेवणं, ते दिवस सुखाचे गेले. एकच काम त्या गडबडीत राहू देऊ नका: फोनचा प्लॅन बंद करण्यापूर्वी नंबर गूगल व्हॉइसवर, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या फोनसेवेवर, न्या, २० डॉलर लागतात. आधी प्लॅन बंद केलात तर नंबर गेला, आणि त्याबरोबर बँकेचे ओटीपी. काही बँका असल्या नंबरवर ओटीपी पाठवत नाहीत, ते महिनाभर आधी तपासा.

विमानात बॅसिनेट, म्हणजे पहिल्या रांगेसमोर लावायचा बाळाचा पाळणा, फोन करूनच राखून ठेवा, वजनाची मर्यादा विचारा. त्या पहिल्या रांगेत पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. उड्डाणाआधी ती वरच्या कप्प्यात जाते आणि पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत मिळत नाही. एक भरलेली बाटली, एक डायपर आणि एक झबलं अंगावरच्या झोळीत ठेवा.

मध्यरात्री मुंबईत उतरून लगेच एक्सप्रेसवे धरू नका. विमानतळाजवळ खोली घ्या, पहाटे बाळाला पाजून निघा. सहा मोठ्या बॅगा आणि बाबागाडी असेल तर मागची रांग दुमडलेली इनोव्हाच सांगा आणि बॅगांचा आकडा ड्रायव्हरला आदल्या दिवशी कळवा.