नेट सारखं का जात होतं ते शेवटी सापडलं

पंधरा दिवस झाले, कोथरूडच्या घरी कॉम्प्युटरवर नेट मधेच जायचं, दोन मिनिटं बंद की परत आपोआप चालू, आणि कंपनीला फोन केला की एकच, राउटर रिस्टार्ट करा. आईचा मोबाइल मात्र त्याच राउटरच्या वायफायवर मस्त चालायचा.

काल रात्री मग दोन कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्या उघडल्या, एकात राउटरला पिंग लावलं, म्हणजे समोरून उत्तर येतंय का ते बघायचं, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१, दुसऱ्यात बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, ८.८.८.८ ला, मागे मायनस टी टाकलं की आपण थांबवेपर्यंत चालू राहतं. नेट गेलं तेव्हा दोन्हीकडे उत्तर येणं बंद! राउटरपर्यंतच पोचत नाही म्हणजे बाहेरच्या लाइनचा संबंधच नाही ना, नुसतं दुसरं अडलं असतं तर कंपनीच्या मागे लागण्यात अर्थ होता.

टेबलामागे वाकून बघितलं तर कॉम्प्युटर राउटरला जोडणाऱ्या लॅन केबलच्या प्लगची ती बारीक प्लॅस्टिकची खिट्टी तुटलेली, खुर्ची सरकली की केबल ओढली जायची आणि पोर्टजवळचा हिरवा दिवा विझायचा. आज तपकीर गल्लीतून कॅट सिक्स प्रकारची नवीन लॅन केबल आणली, बसताना टक्कन आवाज आला, इतकं बरं वाटलं! दुपारपासून पिंग चालूच आहे, एकदाही तुटलं नाही.