तुम्ही विचारलंत म्हणून: वादळानंतर कोकणातल्या मित्रांना फोन कधी करावा?

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी जिन्यात, कधी तलावपाळीला चालताना, कधी मुलीच्या मैत्रिणींकडून. "काकू, श्रीवर्धनला आमच्या ओळखीचे आहेत. वादळ होऊन गेलं की फोन करावा का? त्यांना त्रास तर नाही होणार? आणि केला तर बोलायचं काय?" मला विचारतात, कारण निसर्ग वादळानंतर ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या घरातून रायगडच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांशी बोलणं सुरू झालं आणि ते पुढे कित्येक महिने चालू राहिलं.

करा फोन. पण पहिल्या दिवसांत छोटा करा आणि मोठा फोन नंतरसाठी राखून ठेवा. बहुतेक जण याच्या उलट करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

निसर्ग ३ जून २०२० ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, खाली दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं उडाली, नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आम्ही ठाण्यात खिडक्या लावून टीव्हीसमोर बसलो होतो. आदल्या दिवसापासून सगळ्या वाहिन्यांवर मुंबईचं काय होणार हेच चाललं होतं. संध्याकाळी इथला वारा ओसरला, मुंबईवरचं संकट टळलं असं सांगितलं गेलं आणि इमारतीच्या ग्रुपवर देवाचे आभार मानणारे निरोप आले. त्याच वेळी मी श्रीवर्धन तालुक्यातले नंबर एकामागून एक लावत होते आणि एकही लागत नव्हता. टॉवर बंद पडले होते, विजेचे खांब मोडले होते, रस्त्यांवर झाडं पडली होती. एरवी काही कळलं नाही म्हणजे सगळं ठीक असेल असं आपण धरून चालतो. वादळात तसं धरू नका. जिथून काहीच कळत नाही, तिथलीच काळजी आधी करायची.

अशा वेळी रेंज मिनिटभर येते आणि जाते. व्हॉट्सअॅपची एक टिक दिवसभर तशीच राहते, पण साधा एसएमएस त्या मिनिटभरात पोचून जातो. त्यात एवढंच लिहायचं: आठवण काढतोय, उत्तराची घाई नाही, रेंज मिळेल तेव्हा एक मिस्ड कॉल दे. दुसरं म्हणजे चार्जिंग. निसर्गनंतर काही गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. फोन चार्ज करायचा तर कुणाच्या तरी गाडीत, नाहीतर ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याच्या ओट्यावर रांग लावून. त्या चार्जिंगवर ठाण्या-मुंबईच्या सगळ्या गोतावळ्याने "कसे आहात" विचारायला फोन करायचे म्हणजे त्यांना दवाखान्यासाठी, तलाठ्यासाठी काही शिल्लक राहत नाही. आम्ही दिवेआगरच्या आमच्या मैत्रिणीसाठी असं ठरवलं की फोन मी एकटीने करायचा आणि बाकीच्यांनी मला विचारायचं. काहींना राग आला. आला तर येऊ दे. तिकडच्या घरात बॅटरी राहणं जास्त गरजेचं आहे.

तिच्याशी पहिलं नीट बोलणं झालं ते आठवडा उलटत आल्यावर. गावाबाहेर चढावर रेंज मिळते असं कळल्यावर ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून तिथे आली होती. मागून वाऱ्याचा आवाज येत होता.

"बरे आहोत गं सगळे."

"छप्पर?"

"पुढची पडवी गेली. माजघरावर कौलं आहेत थोडी. तिथेच झोपतो."

"पाणी?"

"विहिरीत झावळ्या पडल्यात. काढतोय. पंप काय, लाइटच नाही."

हे सगळं तिने यादी वाचावी तसं सांगितलं. मग मी वाडीचं विचारलं. ती थोडा वेळ बोललीच नाही. नंतर म्हणाली, "वाडीत ऊन आलंय."

दिवेआगर-श्रीवर्धनकडची वाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात काय आलं ते कळेल. वर नारळ, त्याच्याखाली सुपारी, सुपारीवर चढवलेले मिरीचे वेल, त्यांच्या सावलीत जायफळ आणि केळी. भर मे महिन्यात दुपारी बारा वाजता आत गेलं तरी डोळ्यांना सावली सरावायला वेळ लागतो. पायाखाली पाटाचं पाणी, मातीचा गार वास. तिकडची रोठा सुपारी नावाजलेली, आणि सुपारीचं झाड म्हणजे सडसडीत, घरापेक्षा उंच गेलेला सरळ खांब. त्या वाऱ्यात ती झाडं निम्म्यातून मोडली, एकावर एक पडली. मुळासकट उपटली गेली ती वेगळीच. आत शिरायला वाट राहिली नाही. आणि वर छत्र उरलं नाही म्हणून जी जायफळं, जे मिरीचे वेल वाऱ्यातून वाचले होते, ते उन्हाने करपायला लागले. सुपारी लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. तिच्या सासऱ्यांनी लावलेली ओळ कुठली, लग्न होऊन आल्यावर तिने स्वतः शिंपलेली रोपं कुठली, विहिरीकडची किती उभी आहेत, हे ती सांगत राहिली. घराबद्दल चार वाक्यं बोलली होती. वाडीबद्दल बोलताना तिला थांबवत नव्हतं. मी मध्ये बोलले नाही. फोन तिचा होता, चार्जिंग तिचं होतं, तिला त्यावर हेच बोलायचं होतं.

बोलायचं काय, याचं माझ्याकडचं उत्तर त्या फोनमधलं आहे. नुसतं "कसे आहात" विचारलंत तर कोकणातला माणूस "बरं चाललंय" म्हणणार आणि उलट तुमच्या मुलाबाळांची चौकशी करणार. छप्पर किती राहिलं, रात्री झोपता कुठे, पाणी कुठून आणता, गुरं कुठे बांधली, असं एकेक विचारा. नेमकं विचारलं की माणूस नेमकं सांगतो. घरातल्या वयस्कर माणसांच्या औषधांचं तर आवर्जून विचारा, कारण ते आपणहून कुणी काढत नाही. मी माईंच्या, म्हणजे तिच्या सासूबाईंच्या गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा कळलं की त्या इन्शुलिनवर आहेत आणि फ्रिज वादळाच्या दिवसापासून बंद आहे. मी लगेच इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते, फक्त उन्हात आणि चुलीजवळ नको. न उघडलेल्या कुप्या डब्यात घालून ओल्या मडक्यात, सावलीत ठेवायच्या. हे मी तिला एसएमएसने कळवलं. मडकं घरात होतंच. तुमच्या ओळखीत कुणी इन्शुलिनवर असेल तर वादळाची वाट न बघता आत्ताच आपल्या डॉक्टरांना हे विचारून ठेवायला सांगा.

काही वाक्यं मात्र टाळा. "तरी बरं, जिवावरचं वाडीवर निभावलं." हे त्यांनी म्हणावं, आपण म्हणू नये, कारण पडली ती वाडी त्यांची. "सरकार देईलच की." "हवामान खात्याने आधी सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं, आणि किनाऱ्यावरून माणसंही हलवली होती. पण झाडं हलवता येत नाहीत. आणि घराचे व्हिडिओ मागू नका.

"काही लागलं तर सांग" हेही माझ्या मते पाठवण्यासारखं वाक्य नाही. बोलणाऱ्याचं मन मोठं असतं, पण मागायचं काम ते समोरच्यावर टाकतं आणि त्या दिवसांत मागण्याची ताकद कुणात नसते. आपण काय करू शकतो ते ठरवून मग फोन करावा. ३ जूनला वादळ आणि मिरग ७ जूनला. पुढच्या आठवड्यात पाऊस कोकणात उतरला. पत्रे मिळत नव्हते, कौलं मिळत नव्हती, मिळाली तर चढवायला माणसं नव्हती, त्यात लॉकडाउन आणि जिल्हा ओलांडायला पास. तेव्हा आम्ही विचारलं ते असं: "जांभळी नाक्यावर ताडपत्री मिळतेय. माणगावपर्यंत टेम्पो जाणार आहे. तुमच्या माजघराची लांबी-रुंदी सांग." तिने दोरीने मोजून आकडे पाठवले. शेजारच्या दोन घरांचेही पाठवले, स्वतःसाठी काहीही न मागणाऱ्या बाईने. ताडपत्रीबरोबर सुंभ, खिळे, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि बॅटरीचे सेल गेले. जुने कपडे पाठवायला पुष्कळ जण तयार होते, ते मी घेतले नाहीत. उघड्या घरात भिजायला आणखी गाठोडी कशाला?

पैशांचं बोलायला संकोच वाटतो, तरी बोला. रेंज नसेल तिथे यूपीआय चालत नाही, एटीएम बंद असतं, म्हणून जाणाऱ्या माणसाबरोबर रोख पाठवावी लागते. आणि पंचनाम्याची आठवण करून द्या. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येईपर्यंत पडलेली झाडं तशीच ठेवणं वाडीवाल्याला शक्य नसतं, आधी वाट मोकळी करावी लागते. म्हणून तोडण्याआधी फोटो काढून ठेवायचे, झाडं मोजून वहीत लिहायची. निसर्गनंतर सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. ऐकायला बरं वाटतं, पण किनाऱ्यावरच्या वाड्या गुंठ्यांत असतात. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम पाचशे रुपये. दहा गुंठ्यांत दाटीने लावलेली सुपारी, नारळ, मिरी, जायफळ यांच्यावर वर्षभर चालणाऱ्या घराला त्यात काय मिळालं असेल, हिशेब तुम्हीच करा. तो हिशेब त्या माणसाने मांडला की ऐकून घ्या. त्याला रडगाणं म्हणू नका.

आता तो मोठा फोन. वादळाच्या आठवड्यात सगळ्यांना आठवण असते. पंधरा दिवसांनी बातम्या थांबतात, महिन्याने फोन थांबतात, आणि तिकडे खरी ओढाताण तेव्हा सुरू होते. २०२० साली गणपती २२ ऑगस्टला होते. मैत्रिणीच्या घरी गणपती ताडपत्रीखाली बसला. मी मुद्दाम त्या दिवशी फोन केला. मोदकांना घरचा नारळ नव्हता, हे सांगताना तिचा आवाज वादळातल्या फोनपेक्षा जास्त कातर झाला. नारळाच्या वाडीत जन्म गेलेल्या बाईला बाजारातून नारळ आणावा लागला होता.

त्याहून अवघड दिवस थंडीचे. एरवी त्या दिवसांत अंगणभर सुपारी वाळत पडलेली असते, घरातल्या बायका सोलायला बसतात, व्यापारी येऊन भाव करतो. त्या वर्षी अंगण मोकळं होतं. ठाण्यात कुणाच्या डोक्यातही तेव्हा वादळ नव्हतं. तुमच्या माणसाचं उत्पन्न ज्या महिन्यात हातात येतं तो महिना माहीत करून घ्या आणि तेव्हा फोन करा. आंबेवाल्याला एप्रिल-मेमध्ये, सुपारीवाल्याला थंडीत, ज्याचं लॉज आहे त्याला डिसेंबरच्या सुट्टीत. नवी रोपं लावली का, कुठून आणली, पाणी कसं देता, हे विचारा. ते फोन लांबू द्या. तेव्हा लाइट असते, वेळ असतो, आणि विचारणारं दुसरं कुणी नसतं.

एक आठवण सांगायलाच हवी. पुढच्या वर्षी, १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळ मुंबईच्या समुद्रावरून गुजरातकडे गेलं. त्या दिवशी ठाण्यातही वाऱ्याने खिडक्या थरथरत होत्या, झाडं पडत होती. आणि सकाळीच दिवेआगरहून फोन आला. "टाकी भरून ठेवलीस? फोन चार्ज आहेत? खिडकीजवळ झोपू नका हां. गाडी झाडाखाली असेल तर काढ." एकेक नेमकं विचारत होती. तिच्या नव्या पत्र्यांवर तोच वारा वाजत होता, तो मला फोनमधून ऐकू येत होता.

हल्ली अजून एक प्रश्न येतो, विचारणारे जरा खाली बघूनच विचारतात. "आम्ही तेव्हा फोन केलाच नाही. आता इतकी वर्षं झाली, आता काय तोंडाने करायचा?" तरीही करा. माफीची लांबण लावू नका, त्यांना तुमची समजूत काढत बसावी लागेल. नंबर बदलला असेल तर गावातल्या दुसऱ्या कुणाकडून घ्या. तुम्ही त्यांच्याकडे शेवटचे गेला होतात तेव्हा वाडीत काय काय होतं ते आठवा, त्यातलं काय राहिलं, नवं काय लावलं ते विचारा. सुपारी धरली असेल तर सोलून झाल्यावर दोन किलो मला ठेवा म्हणून सांगा, आणि पैसे आधी पाठवा.