लस आली म्हणं!

दवाखान्याचं शटर मी रोज साडेआठला वर करते. त्या दिवशी साडेसातलाच घरातून निघाले. रात्री पाऊस धो-धो, लाइट गेलेली तीन तास, आणि फ्रिजमध्ये फ्लूच्या लसीच्या बारा सिरिंज. दोन ते आठ डिग्रीच्या बाहेर गेली की ती लस टाकून द्यायची, आणि एकेकीची किंमत दीड हजाराच्या पुढं. रात्रभर झोप कुठली लागायला!

गल्लीच्या तोंडाशी आले तर दवाखान्यापुढं चाळीसएक माणसं. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"सिस्टर, लस आली म्हणं?"

ऑगस्ट २०२० चा पहिला आठवडा. निपाणीत रोज कुठली ना कुठली गल्ली सील डाऊन व्हायची. दोन जुलैला आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, ते पत्र निघालं होतं, १५ ऑगस्टपर्यंत करोनाची लस आणायची असं सांगणारं. चाचणीसाठी देशभरातली बारा रुग्णालयं निवडलेली आणि त्यांत बेळगावातलं एक. बेळगावचं नाव पेपरात आल्यावर आमच्याकडं लोकांनी पुढचं स्वतःच जुळवून घेतलं. बेळगावला आली म्हणजे निपाणीला यायला कितीसा वेळ?

पण या गर्दीला पेपर कारण नव्हता. कारण मी होते. आदल्या दिवशी डॉक्टरांनी बारा नावांची यादी दिलेली. दम्याचे, साखरेचे, एकजण बायपास झालेले. सगळे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला फ्लूची लस घेणारे. यंदा माल उशिरा आला होता. मी एकापाठोपाठ एक फोन लावले, "लस आलीय, उद्या दहाला या." फ्लूची, हा शब्द काही मी उच्चारला नाही. त्यांना माहीत असतंच ना! पण फोन उचलला कुणी पोरानं, कुणी सुनेनं. रात्री नऊपर्यंत ते व्हॉट्सॲपवरून शेजारच्या अक्कोळ गावापर्यंत पोचलं होतं.

आधी फ्रिज बघितला. मी रात्री दार उघडलं नव्हतं, खाली आइस पॅक होते, म्हणून थर्मामीटर सहावर. जीव भांड्यात पडला. शटर मात्र आतून अर्धं ओढून घेतलेलं, त्यामुळं बाहेर कुजबुज सुरू झाली, "आत लपवायल्यात. मोठ्यास्नी द्यायला ठेवलीया."

डॉक्टर आले, गर्दीकडं बघितलं, मग माझ्याकडं. काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "तूच सांग आता."

पायरीवर उभी राहिले. फेस शिल्डवर वाफ धरलेली, समोरची तोंडं धूसर. "ही करोनाची लस नाही! फ्लूची आहे! दरवर्षी येते तीच!" मागं दोघं-तिघं कन्नड बोलणारे होते, त्यांच्यासाठी माझ्या मोडक्या कन्नडात, "इदु कोरोना लसिके अल्ला!"

"फ्लू काय आन् करोना काय, ताप त्यो तापच न्हवं?" एकजण म्हणाला. "स्वाइन फ्लू होता की मागं. त्याचीच ही बहीण." दुसरा म्हणाला, "द्या की वो काय असंल ते. काय तर आत गेलेलं बरं."

याला काय उत्तर द्यायचं? नर्सिंगच्या तीन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं. अर्ध्या तासात बरेचसे पांगले, काही मला शिव्या देत. यादीतले तेवढे राहिले. त्यांना शेजारच्या सायकल दुकानाच्या कट्ट्यावर अंतर ठेवून बसवलं, ताप बघितला, एकेकाला आत घेतलं. टोचल्यावर वीस मिनिटं परत कट्ट्यावर.

त्यातले एक बँकेतून रिटायर झालेले. सगळं वाचून आलेले. "चार स्ट्रेनची आहे ना? दोन ए, दोन बी?" होय म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या लसीत कुठले विषाणू घालायचे ते ठरवते, हेही त्यांनीच मला सांगितलं. (त्या चारांतला यामागाटा म्हणून जो होता, तो मार्च २०२० नंतर जगात कुठं सापडलाच नाही म्हणे. आता नव्या लसीत तो नसतो. म्हणजे त्या दिवशी आम्ही निघून गेलेल्या पाहुण्यासाठी पण ताट वाढत होतो.) असे हे जाणकार गृहस्थ. कट्ट्यावर बसले आणि त्यांनी मास्क खाली ओढून चहा मागवला. मी हातात कापसाचा बोळा घेऊन तशीच बाहेर पळाले. "काका, मास्क!" तर म्हणतात, "अगं, आत्ताच घेतली ना?"

त्यांना दोन आठवड्यांचा हिशेब सांगितला. फ्लूपुरतीसुद्धा ताकद यायला तेवढे दिवस लागतात, करोनाचा तर संबंधच नाही. त्यांनी मास्क वर घेतला, पण नाकाच्या खालीच.

गर्दी गेली तरी एक म्हातारी पायरीच्या कडेला बसून होती. अक्कोळहून आलेली, विड्या वळणारी. बोटं बघितली की कळतं. तंबाखूनं तपकिरी पडलेली, पान दुमडायच्या बोटाचं नख जाड झालेलं. दर दोन वाक्यांना खोकला, आणि छातीत ती घरघर आमच्या गावात कान नसलेल्यालाही ओळखू येते.

"मावशी, तुम्ही जावा घरी. ती लस नाही ही."

"आयकलं मी. किती पैशे?"

पदराची गाठ सोडली. आत रुमाल, रुमालात नोटा. मोजून अठराशे. किती हजार विड्यांचे, तो हिशेब मी त्या वेळी केला नाही, नंतर घरी केला.

तिची लेक कागलला. एप्रिलमध्ये बाळंत झालेली, मुलगा. इथनं कागल वीसएक किलोमीटर, पण मधे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका. जायला महाराष्ट्राचा ई-पास, यायला कर्नाटकाच्या सेवा सिंधू पोर्टलवर नोंदणी, आल्यावर घरात कोंडून घ्यायचं. कोंडून घेतलं की विड्या बंद. तिच्या डोक्यात सरळ होतं, लस टोचायची, दवाखान्याचा कागद घ्यायचा, नाक्यावर दाखवायचा, नातू बघून संध्याकाळी परत.

मी परत सगळं सांगितलं. हा रोग वेगळा, तो वेगळा. ही घेऊन कुणी नाका ओलांडू देणार नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "मग कागदावर नुसतं लस लिव. कसली त्ये नको लिवू. पोलिसास्नी काय कळतंय?"

खरं सांगायचं तर तिचं चुकत नव्हतं. नाक्यावर भर पावसात उभ्या पोलिसानं दवाखान्याचा शिक्का बघून सोडलंही असतं. हातात पेन होतं. एक शब्द गाळायचा होता, आदल्या दिवशी फोनवर गाळला तोच.

"नाही जमणार, मावशी."

ती उठली नाही. बाराच्या सुमाराला यादीतल्या एका मास्तरांच्या घरून निरोप आला, गल्ली सील झाली, येता येत नाही. एक सिरिंज उरली. डॉक्टरांनी म्हातारीची छाती तपासली, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, यादीतल्या कुणाहीपेक्षा हिलाच जास्त गरज आहे. वय, तंबाखूची धूळ खाल्लेली फुप्फुसं, दर पावसाळ्यात ताप. यंदा ताप आला की आधी स्वॅब, मग गल्लीला पत्रे. फ्लूचा तरी टळला तर टळला. हे त्यांनी तिला तिच्या भाषेत सांगितलं. पैसे खरेदीच्या भावानं घेऊ म्हणाले.

ती बराच वेळ रुमालाकडं बघत होती. मग म्हणाली, "टोचा."

पोलक्याची बाही एवढी घट्ट की दंडावर सरकेना. शेवटी दोन हुक काढून खांदा मोकळा केला. दंड म्हणजे हाडावर कातडी. खांद्याच्या हाडाखाली तीन बोटं मोजली, चिमटीत धरलं, अर्धा मिली. तिनं हूं की चूं केलं नाही. सिरिंजवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवलं, तारीख घातली आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, फ्लू. दोन रेघा ओढल्या. वाचूनही दाखवलं. "फ्लू. करोना नाही. कळलं न्हवं?"

"कळलं की," म्हणाली. कार्ड रुमालात, रुमाल पदरात.

सप्टेंबरापर्यंत दोन्हीकडचे पास बंद झाले आणि कागलला जायला कसलाच कागद लागेना. ती गेली असणार. मी चौकशी केली नाही, कामातून सवड कुठं होती.

मार्च २०२१. साठीच्या पुढच्यांना सरकारी दवाखान्यात लस सुरू झालेली. तिकडं काम करणाऱ्या मैत्रिणीचा दुपारी फोन. मागं गलका ऐकू येत होता.

"तुमच्या दवाखान्याचं कार्ड घेऊन एक म्हातारी आलीया बघ, अक्कोळची. ऐकतच नाही. म्हणती, पयला डोस माझा झालाय, आता दुसरा द्या."